एका फोनवरच्या सात जणी

चूक माझी होती आणि मी ती एका बाईच्या माथी मारली. आधी हे सांगून टाकतो.

कर्जतच्या एका आरोग्यसंस्थेची वेबसाइट मी नव्याने केली. डॉक्टरांची वेळ गावातूनच घेता यावी, एवढ्यासाठी. कुणी दोनदा वेळ अडवू नये म्हणून मी नियम घातला, एका मोबाइलवर एकच नोंद. दुसरी केली की पहिली आपोआप रद्द. खालापूरच्या माझ्या घरात माणसं चार, फोन पाच. एकाच फोनवर अनेकांचं भागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

कशेळ्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथे घरोघरी आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी सात बायकांसाठी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली, सगळ्यांची स्वतःच्याच फोनवरून. हे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात. बायका जीपने खाली कर्जतला आल्या, तर यादीत फक्त सातवं नाव. बाकीच्या वेळा दुसऱ्यांनी घेतलेल्या. सहा जणी तशाच परत गेल्या. संस्थेच्या डॉक्टरबाईंनी मला विचारलं, तेव्हा कारण मला कळलं होतं. तरी मी म्हणालो, "ताईंनी फॉर्म चुकीचा भरला असेल."

तेच वाडीत पोचलं. ताईंच्या शब्दावर खाली उतरायला आता कुणी तयार होईना.

मला राहवेना. मी वर गेलो. ताई मला एका खडकावर घेऊन गेल्या, रेंज तिथेच येते. त्यांच्या वहीत घरवार नावं होती, कुणाचा कोणता डोळा अधू, जीपमध्ये कुणाला उलटी होते, कुणासोबत माणूस लागतो. इतकी नेमकी नोंद मी कॉम्प्युटरवरही कधी केली नव्हती.

त्यांनी उन्हात फोन माझ्यापुढे धरला. "सर, माझं डोळं चांगलं हायत, तरी ह्यातलं एक अक्षर दिसत नाय. शोभेला ठेवलंय का?"

ती फिकी करडी अक्षरं मी हौसेने निवडली होती.

नवी वेबसाइट मी त्या वहीवरून केली. एका फोनवर हवी तितकी नावं, ठळक काळी अक्षरं, मजकूर वाचून दाखवणारं बटण. प्रत्येक बदल ताईंनी त्याच खडकावर उभं राहून तपासला, चार वेळा मला नापास केलं. माझ्यावर एकदाही चिडल्या नाहीत. त्याचंच ओझं वाटायचं.

शेवटी डॉक्टरबाईंना खरं सांगितलं आणि पुन्हा वर गेलो. अंगणवाडीच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या.

"ह्यो कोण गं? नवा डाक्टर?" एका म्हातारीने विचारलं.

"नाय गं आये, फोनातलं काम करनारं सर हायत," ताई म्हणाल्या.

"मग ह्यालाच इचार, आमची नावं कुटं गेली!"

मी उभा राहिलो. "आजी, नावं ताईंनी बरोबर भरली होती. मी केलेल्या नियमाने ती पुसली गेली. ते मला ठाऊक होतं, तरी खोटं बोलून मी दोष ताईंवर ढकलला." मग ताईंकडे वळून हात जोडले. "ताई, चुकलो. मला माफ करा."