पावण्यानं नेलेला रेडिओ

राजारामपुरीत आक्काताईंचं मिरची कांडप आहे. हंगामात अख्खी गल्ली शिंकते, आक्काताईंचा डोळा मात्र कधी ओला होत नाही. तो मी एकदाच ओला पाहिला, तेही यंत्र बंद असताना.

झालं असं, की त्यांचा मामेभाऊ विजयसिंह याला घराण्याचा इतिहास लिहायची उबळ आली. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या या घराण्याचा इतिहास म्हणजे एक विहीर, काही म्हशी आणि गावातला पहिला रेडिओ. हा इतिहास भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झळकला. शेवटची ओळ होती: ‘हा रेडिओ चंदगडच्या जावयांनी लंपास केला.’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

चंदगडचे जावई म्हणजे आक्काताईंचे वडील, आकाराम. आक्काताई पाळण्यात असताना हा आळ आला. रेडिओ गायब झाला त्या दिवशी ते सासुरवाडीला आले होते आणि त्यांच्या बायकोची धाकटी चुलती अंबूबाई म्हणाली होती, “पावण्यानं न्हेला.” झालं! घरात पावणा एकच. आकाराम पुन्हा ती पायरी चढले नाहीत. बायको बायडाबाई माहेराला मुकली. चोर ठरलेला माणूस मरून गेला तरी चोरच राहिला. आणि संताप याचा, की आकारामांना डाव्या कानानं मुळीच ऐकू येत नसे, उजव्यानं मर्जी असेल तेव्हा. असा माणूस रेडिओ चोरून त्याचं काय करणार, लोणचं घालणार? एवढंही कुणाच्या डोक्यात आलं नाही!

“चला,” आक्काताई मला म्हणाल्या, “अंबू म्हातारी अजून जित्ती हाय. गाडी काढा.”

शेजारधर्म म्हणून काढली. मागं बसून त्या पन्हाळ्यापर्यंत विजयसिंहाचा उद्धार करत होत्या. हेल्मेट असूनही मला एक शब्द चुकला नाही.

विजयसिंह दारातच होता. “आक्का, मेलेल्या माणसांचं कशाला उकरतीस?”

“उकरलं कुणी? तूच की! बाजूला सर.”

अंबूबाई सोप्यात ऊन खात बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “या पावणं, बसा.” तेवढ्यात गॅसचं सिलिंडर घेऊन कोणी आला. “पावणं, चुलीपशी ठेवा.” मग मीटर बघणारा आला, तोही पावणा. आक्काताईंचे डोळे बारीक झाले.

“धाकटी आज्जी, माझ्या बाला काय म्हणायचीस गं?”

“बापू. जावईबापू. जावयाला कुणी नुसतं पावणं म्हणतंय व्हय?”

“मग रेडिओ न्हेला त्यो पावणा कोण?”

“त्यो? दुरुस्तीवाला, खाकी पिशवीचा. बाळासोच्या हातनं रेडिओ म्हशीच्या गव्हाणीत पडलाता. थोरल्यांच्या भ्यानं त्यानं गुपचूप दुरुस्तीला दिला. त्यो पावणा गेला त्यो गेलाच.”

बाळासो म्हणजे विजयसिंहाचे वडील. इतिहासकारांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

“अगं मग सांगितलं न्हाईस कुणाला?” आक्काताई किंचाळल्या.

“मला कोण इचारतंय? कुणी न्हेला म्हणून इचारलं, पावण्यानं म्हटलं. कंचा पावणा, ते इचारलंच न्हाय कुणी. बापूंवर आळ आल्यावर बोलाय गेले, तर बाळासो म्हणला, गप बस, बायकांनी बोलायचं न्हाय.”

एवढं बोलून म्हातारीनं पदर तोंडाला लावला. म्हणजे बाळासोला सगळं ठाऊक होतं! बहीण माहेराला मुकली, मेव्हणा चोर ठरला, आणि हा गृहस्थ मिशीला पीळ देत गावात मानानं वावरला.

विजयसिंहानं मोबाईल काढला. “गैरसमज झाला, असं टाकतो.”

“गैरसमज?” आक्काताई म्हणाल्या. “लिहायचं न्हाय. तोंडानं बोल. बटण दाब.”

त्यानं ग्रुपवरचं माईकचं बटण दाबलं आणि कसंबसं पुटपुटला, “रेडिओ आकाराममामांनी न्हेला न्हाय. माझ्या वडिलांनी... खोटा आळ येऊ दिला.”

आक्काताईंनी पिशवीतून वडिलांचा फोटो काढला, पदरानं आधी डोळा पुसला, मग फोटो, आणि तो त्याच्या तोंडासमोर धरला.

“परत बोल. मोठ्यानं. माझ्या बाला कमी ऐकू यायचं.”