घरच्या परिस्थितीमुळे अविवाहित

माझ्या काकांनी मला फसवलं. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतासाठी मी स्वतःविषयी चार वाक्यं लिहून दिली होती. ती त्यांनी काढून टाकली आणि त्या जागी आपल्या मनाचं छापलं. खाली कुणाची सही नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटणार, हिनेच असं लिहून दिलं असेल.

कुलवृत्तांत म्हणजे काय, हे सगळ्यांनाच माहीत असेल असं नाही. एका घराण्याच्या सगळ्या माणसांची ती जाडजूड नोंदवही असते. कोण कुणाचा मुलगा, शिक्षण काय, नोकरी कुठे, बायकोचं माहेर कुठलं. घराण्यातलं कुणीतरी निवृत्त झालं की हे काम अंगावर घेतं. आमच्याकडे ते काकांनी घेतलं. माझ्या वडिलांचे हे धाकटे भाऊ. पुण्याला असतात, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. त्यांनी घरोघरी छापील फॉर्म पाठवले. फॉर्मच्या शेवटी एक चौकट होती, 'स्वतःविषयी थोडक्यात'.

मी पनवेलला मंडप आणि खुर्च्या भाड्याने देते. माझं लिहिणं म्हणजे पावती. खुर्च्या तीनशे, कव्हरसह, मोडल्यास भरून द्याव्यात. भाव करायला मला कुणी शिकवावं लागत नाही. गिऱ्हाईक चप्पल काढून आत येईपर्यंत मला कळतं की हा कितीवर तुटणार. पण त्या चौकटीपुढे मी आठ दिवस बसले. आयुष्यभर माझ्याविषयी बोलले ते दुसरेच. तुझं तू सांग, असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं, ते छापील फॉर्मवर का असेना. तीन कागद फाडले. नवव्या दिवशी दुकानात उभ्याउभ्याच लिहिलं:

'माझं लग्न ठरत आलं होतं. मुलगा चांगला होता. मी विचार करून नकार दिला आणि वडील माझ्या बाजूने उभे राहिले. त्यानंतर पनवेलला स्वतःचा व्यवसाय उभा केला.'

यातलं दुसरं वाक्य मी दोनदा खोडलं आणि दोनदा परत लिहिलं. ते नसतं तर लोकांना सोपं गेलं असतं. मुलात खोट होती, म्हणून बिचारीने नाही म्हटलं, की झालं. पण खोट नव्हती. तो आमच्याकडे आला तेव्हा गच्चीवर भाड्याने द्यायला घेतलेल्या माझ्या पहिल्या चाळीस खुर्च्या एकात एक रचून ठेवलेल्या होत्या. त्या पाहून तो हसला नाही. पावसात कुठे ठेवता, मोडलेली दुरुस्त कोण करतं, असं सगळं नीट विचारलं. मला तो आवडला होता. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

मग बैठक झाली. मध्यस्थ काकाच होते, स्थळ त्यांनीच आणलं होतं. मुलाच्या आईने चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "वर त्या खुर्च्या आहेत त्या कुणाच्या?"

"माझ्या," मी म्हटलं.

"आणि लग्नानंतर?"

"माझ्याच."

काका हसत म्हणाले, "अहो, विकून टाकेल ती. पोरखेळ आहे तो."

मुलगा मला गॅलरीत बाजूला घेऊन म्हणाला, "मी आईला समजावतो, पण वेळ लागेल." तो खोटं बोलत नव्हता. थांबले असते तर कदाचित सगळंच झालं असतं. कुणी मला अडवलं नव्हतं, कुणी ढकललंही नव्हतं. मला फक्त परवानगीची वाट बघत बसायचं नव्हतं. मी आत जाऊन सगळ्यांसमोर नाही म्हटलं.

काकांचा चेहरा लाल झाला. ते वडिलांकडे वळले. "दादा, तू बोल तिला काहीतरी."

माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. वरच्या आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. ते म्हणाले, "ती म्हणते तेच माझं म्हणणं." आणि पाहुण्यांना आणखी पोहे घ्या म्हणाले.

एवढंच घडलं. त्यानंतर काकांनी नातेवाइकांत सांगितलं की दादाला लग्न झेपणारं नव्हतं, म्हणून मोडलं. त्यांनी आणलेलं स्थळ एका मुलीने नाकारलं, यापेक्षा भाऊ गरीब निघाला हे सांगणं त्यांना सोयीचं होतं. पुढे एका मुंजीत एका लांबच्या आजोबांनी वडिलांच्या हातात पाकीट ठेवलं आणि म्हणाले, "मुलीच्या लग्नाला असू दे." वडिलांनी ते हसून परत केलं. घरी येताना रिक्षात मी चिडून म्हटलं, "खरं का सांगितलं नाहीत?" ते म्हणाले, "भाऊ आहे माझा." वडील गेले तेव्हाही ते पाकीट माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. आजही गेलेलं नाही.

म्हणून माझ्या चार वाक्यांत वडील होते. माझ्या दृष्टीने त्या जाडजूड पुस्तकात तेवढीच जागा महत्त्वाची होती.

यंदा कुलसंमेलन पनवेलला ठरलं. हॉल इथला, खुर्च्या माझ्या. पुस्तकं आठवडाभर आधी आली आणि खोकी ठेवायला जागा नाही म्हणून काकांनी ती कोन गावाच्या वाटेवरच्या माझ्या गोदामात पाठवली. मी एक खोकं फोडलं आणि माझं पान काढलं.

'घरच्या परिस्थितीमुळे अविवाहित. पनवेल येथे लहानसा व्यवसाय.'

माझ्याकडे पहिल्या दिवसापासून काम करणारी कोनची मावशी कव्हरं घड्या करत होती. मी पुस्तक असं आपटलं की ती दचकली. "काय झाला गो ताई? कोन गेला काय?"

मी तिला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "लानसा? तीन टेम्पो हायत ना आपले?" मग थोडं थांबून म्हणाली, "आनि परिस्थिती कंची? तुजा बाप तर मना दिवालीला साडी द्यायचा."

मी काकांना फोन लावला आणि जे बोलले ते इथे लिहीत नाही. रागात मी फोन कापला, ही चूक. रागावलेल्या माणसाला नेहमी महाग पडतं, हे धंद्यात मी स्वतः कित्येकांवर वापरलेलं आहे. रात्रभरात शांत झाले. सगळी पुस्तकं माझ्या कुलपात होती. वाटलं असतं तर गुपचूप सगळ्या प्रतींत माझा मजकूर चिकटवून मोकळी झाले असते. पण मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला? त्यांनी चोरून बदललं, मला उजेडात बदलून हवं होतं, त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या सहीने.

दोन दिवसांनी ते हॉल बघायला आले. मी त्यांना गोदामात आणलं, चांगल्यातली खुर्ची दिली, चहा मागवला.

"अगं, एवढ्या तेवढ्यावरून," ते म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत घेऊ ना."

"काका, पुढची आवृत्ती निघेपर्यंत मी कैलासवासींच्या यादीत असेन. तिथेही परिस्थितीमुळेच गेली असं लिहाल तुम्ही."

"बरं, 'स्वेच्छेने अविवाहित' एवढं करू. एका शब्दात काम होतं."

"चार वाक्यं दिली होती. चार घेणार."

"मुलगा चांगला होता हे कशाला? लोक विचारतील, मग नकार का दिला?"

"विचारू देत. मी हॉलमध्येच असणार आहे. खुर्च्या मोजायच्या असतात मला."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि दादाचं ते वाक्य? लोक म्हणतील, बापाचं मुलीपुढे काही चाललं नाही."

मी उठून उभी राहिले. मावशीने दारातून डोळ्यांनी मला बस म्हणून खुणावलं. बसले. म्हटलं, "काका, ते वाक्य गेलं तर संमेलनाला सतरंजीवर बसा. खुर्च्यांचा बयाणा मी आत्ता परत करते."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "शुद्धिपत्र काढू. पण वर 'मुद्रणदोष' असं छापायचं. संपादकाची चूक म्हणायचं नाही."

समोरच्याला अगदी रिकाम्या हाताने पाठवू नये, तो जाता जाता सौदा मोडतो. मी मुद्रणदोष दिला आणि चार वाक्यं घेतली. वर 'लहानसा' हा शब्दही निघून गेला. कागदावर त्यांची सही घेतली.

जुन्या बाजारातल्या ज्या छापखान्यात माझी पावतीपुस्तकं होतात तिथे शुद्धिपत्राच्या पट्ट्या छापल्या. छापखानेवाल्याने मथळा वाचला आणि खट्टू झाला. "ताई, मुद्रणदोष म्हणजे आमची जात बदनाम. आम्ही दिलं तसं छापतो." मी म्हटलं, "भाऊ, तुमची माफी मागते, पण एवढं पोटात घाला." पट्टीचा खालचा अर्धा भाग कोराच राहत होता. तो म्हणाला, कापून टाकू का? का कोण जाणे, मी राहू दे म्हटलं.

संमेलनाच्या सकाळी मी आणि मावशी दारातल्या टेबलावर डिंकाची बाटली घेऊन बसलो. प्रत्येक प्रत देताना माझं पान उघडायचं, पट्टी चिकटवायची, मग पुस्तक हातात द्यायचं. सगळ्यात आधी आत्या आली. वडिलांची मोठी बहीण, काठी टेकत. तिने पट्टी डोळ्यांजवळ धरून मोठ्याने वाचली. वडिलांच्या वाक्याला थांबली. "असाच उभा राहिला होता तो," ती म्हणाली. "मी स्वयंपाकघरात होते, ऐकलं मी. बरं झालं लिहिलंस." मग खालच्या कोऱ्या भागावर बोट ठेवून म्हणाली, "इथे काय लिहायचं?"

"काही नाही आत्या, जागा उरली."

"मग माझं लिही. माझ्यापुढे नुसतं 'गृहिणी' छापलंय. सदतीस वर्षं बालवाडी चालवली मी, अर्धं गाव माझ्याकडे पाटी घेऊन आलं. दे ते पेन. नाही, तू नको, मी लिहिते."

तिने लिहिलं. एकेक अक्षर मोठं आलं. पट्टीचा तो खालचा भाग फाडून तिने स्वतःच्या पानावर स्वतःच डिंक लावून चिकटवला.

मागे उभ्या असलेल्या एका चुलत वहिनीने ते पाहिलं. "अय्या, असं चालतं? माझं बीएस्सी गाळलंय." तिला मी कोरी अर्धी पट्टी फाडून दिली. तिच्या मागची म्हणाली, घटस्फोट झालाय माझा, इथे अजून नवऱ्याचं नाव आहे. तिलाही दिली. एक पोक्त गृहस्थ आले, बंगळुरूहून आलेले, हळूच म्हणाले, "मी इंजिनीअर नाही हो, मी ती नोकरी सोडून तबला शिकवतो. पण वडिलांनी फॉर्म भरला." त्यांना पट्टी देताना मी म्हटलं, "तुम्ही बायकांच्या रांगेत आलात." ते म्हणाले, "आलो खरा."

उद्घाटनाची वेळ टळून गेली, रांग हलेना. टेबलावरची पेनं संपली, मावशी समोरच्या दुकानातून पेनांचं पाकीट घेऊन आली. लोक माझ्याच खुर्च्यांवर बसून, मांडीवर पुस्तक ठेवून लिहीत होते. कुणी एक शब्द, कुणी पट्टी गच्च भरून. कुणी कुणाचं तपासत नव्हतं. मावशी माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, परीक्षा हाय काय गो यांची?" इतक्या लग्नांत मी खुर्च्या लावल्या, पण खुर्च्यांवर माणसं इतकी ताठ बसलेली मला कधी दिसली नाहीत.

काका व्यासपीठावर माईक धरून उभे होते. दोनदा म्हणाले, कृपया स्थानापन्न व्हा. सगळे स्थानापन्नच होते, फक्त मान खाली घालून लिहीत होते. शेवटी ते खाली बसले. त्या क्षणी मला माझ्या वडिलांची इतकी आठवण झाली की मी डिंकाचं झाकण लावायच्या निमित्ताने खाली वाकले.

जेवणानंतर काका माझ्यापाशी आले. "झालं ना मनासारखं?" म्हणाले. "आता विषय संपला." त्याचं उत्तर मी इथे लिहून देते.

माझ्या ओळीचा विषय संपला, काका. वडिलांचा संपलेला नाही. पुस्तकात मुद्रणदोष असं छापलंय, ते मी सौद्यात दिलं, त्यावर मी परत येणार नाही. पण 'घरच्या परिस्थितीमुळे' हे शब्द कुठलं यंत्र आपल्या मनाने जुळवत नाही, आणि वडिलांच्या हातात पाकीट ठेवायला लावलं ते छापखान्याने नाही. बैठकीत तुम्ही त्यांच्या शेजारी बसला होतात. ती परिस्थिती कोणती होती? तुम्ही ती कुणाकुणाला सांगितलीत आणि माझे वडील जिवंत असताना एकदाही त्यांच्या तोंडावर का नाही बोललात? उत्तर मला लेखी हवंय. तुम्ही जे लिहाल ते मी माझ्या खर्चाने छापून प्रत्येक घरी पाठवीन, आणि त्यातला काना-मात्रासुद्धा बदलणार नाही. लिहा.