कमी खर्चाची पोर

गोंदियाच्या आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या त्या बाई दाराकडे पाठ करून कधीच बसत नाहीत. बाहेर एखादी मोटरसायकल हळू झाली, की त्यांचा तळवा मशीनच्या चाकावर पडतो. गाडी पुढे गेली, की शिवण पुन्हा सुरू. टाचण्या ओठांत धरून बोलतात, त्यामुळे वाक्य अर्धंच बाहेर येतं.

नवऱ्यापासून त्या वेगळ्या राहतात. मुलीच्या पोटगीसाठी कोर्टात तिचा महिन्याचा खर्च लिहून द्यायचा होता. मी तावातावाने कागद घेऊन बसले. त्याची राइस मिल आहे. ही भीक नाही, लेकराचा हक्क आहे!

"दूध किती लिहू?"

"नाही पीत ते."

आत पोरगी पेला तोंडाला लावून बसली होती.

"ट्यूशन?"

"कायले लागते? घरीच शिकून राहिली."

"अहो, खोटं काऊन सांगता?" मी चिडले.

त्यांनी टाचण्या काढून हातात घेतल्या. "मागच्या तारखेले तो हासून म्हणे, पोरगी एवढी महाग पडून राहिली तं माह्याकडं दे, मी पोसतो. आता सांगा ताई, मिलवाला सोडून शिलाईवालीकडं ठेवन का जज तिले?"

"असं होत नाही," मी म्हणाले.

"लिहून देता?"

आतून पेला ठेवल्याचा आवाज आला. कागदावर 'शाळेचा ऑटो' यापुढे लिहिलेला आकडा मी खोडला आणि तिथे लिहिलं, 'पायी जाते.'