वंदनाची सूर्य बघायची दुर्बीण

अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीजवळ वंदनाचं शिलाईचं दुकान आहे. मशीनवर बसली की ती मान जराशी उजवीकडं वळवते आणि कापड डाव्या डोळ्यासमोर धरून शिवते. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, बाई आपल्याकडं तिरकं बघते. जुन्या बायकांना माहीत आहे की तिच्या उजव्या डोळ्याला मधलं दिसत नाही. त्या डोळ्यानं माणसाकडं बघितलं तर केस दिसतात, कान दिसतात, खांदे दिसतात. चेहऱ्याच्या जागी मात्र करडा डाग.

हे झालं पंच्याण्णव सालच्या दिवाळीत. वंदनाचं माहेर शहागडचं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. सकाळी सूर्यग्रहण होतं आणि आई चतुराबाई पोटुशी, म्हणून दारं लावून, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबून सगळे घरात बसले होते. बाहेर असं काय आहे जे बघू देत नाहीत, ते बघितल्याशिवाय वंदनाला राहवेना. ती मागच्या दारानं निसटली, घराच्या धाब्याच्या छतावर चढली, डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि उजव्या डोळ्यानं सूर्य बघत उभी राहिली. ऊन मवाळ होतं. सूर्याचा मोठा तुकडा कुणीतरी खाल्ल्यासारखा दिसत होता. डोळ्याला काही दुखलं नाही, म्हणून तिनं पोटभर बघितलं.

डोळ्यापुढचा डाग संध्याकाळपर्यंत गेला नाही. दुसऱ्या दिवशी गेला नाही. गेलाच नाही.

हिवाळा सरता सरता चतुराबाईला मुलगा झाला, देवानंद. धडधाकट. मग घरात, भावकीत एकच बोलणं सुरू झालं: पोटातलं वाचलं, पोरीवर निभावलं. ग्रहणानं पोरीला धरलं. वंदना मोठी झाली तशी तिला कुणी डोहाळजेवणाला बोलावीना. कुणाची ओटी भरायची असली की कुणीतरी हळूच म्हणायचं, "तू बस गं तिकडं, पानं लाव." ती पानं लावायची. स्वतःला दिवस गेले तेव्हा नऊ महिने ती एकाच भीतीत जगली, की बाळाचा डोळा आपल्यासारखा निघेल. तृप्ती जन्मली तेव्हा तिनं पहिल्यांदा बाळाच्या दोन्ही डोळ्यांपुढून बोट फिरवून बघितलं, मगच तिला छातीशी धरलं.

नवरा भागवत कारखान्यात फिटर. बोलायला तोडका, पण लग्न ठरताना त्यानं "डोळ्याचं मला सांगू नका, मला माणूस पाहिजे" असं म्हटलेलं. ते वाक्य वंदनानं जपून ठेवलं होतं.

मागच्या वर्षी तिला सुईत दोरा ओवायला त्रास व्हायला लागला. चाळिशीचा चष्मा लागला असेल म्हणून ती जालन्याला डॉक्टर सुरुचीताईंच्या दवाखान्यात गेली. सुरुचीताईंनी डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "लहानपणी तुम्ही सूर्याकडे टक लावून बघितलं होतं का?"

वंदना दचकली. इतक्या वर्षांत तिनं स्वतःहून ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती.

"ग्रहण लागलं व्हतं, मॅडम. त्या ग्रहणानंच..."

"ग्रहणानं नाही, सूर्यानं. पडद्याच्या ऐन मध्यावर भाजलंय. ग्रहण नसतानाही एवढा वेळ बघितलं असतं तरी हेच झालं असतं. एरवी सूर्याकडे बघवत नाही, डोळे आपसूक मिटतात. ग्रहणात उजेड कमी होतो, म्हणून माणूस बघत राहतो. एवढाच फरक."

"मंग माज्या पोरीला..."

"तिला कशाला काय होईल? चुलीवर तुमचा हात भाजला तर मुलीच्या हाताला फोड येतो का?"

परतीच्या बसमध्ये वंदना खिडकीशी बसली होती. अंबड येईपर्यंत ती रडत होती, आणि रडू कशाचं आहे हे तिला सांगता आलं नसतं. त्या रात्री जेवताना ती भागवतला म्हणाली, "मला सूर्य बघायचाय. नीट, दुर्बिणीतून. मॅडम म्हणल्या, बराबर साधन असलं तर बघता येतो, काही व्हत न्हाई."

भागवतचा घास हातातच राहिला. "येडी झालीस का? एकच डोळा राह्यलाय तुजा. त्याचं काही झालं तर?"

"म्हनूनच बघायचाय. जल्मभर मान खाली घालून उन्हात चालले मी. त्यानं माजं काय केलं ते मला बघू द्या की एकदा."

"बिलकुल न्हाई," म्हणून तो उठला. पंधरवडाभर घरात हा विषय निघाला नाही.

आणि मग एका रविवारी भागवत संभाजीनगरहून परतला तो हातात भलामोठा खोका घेऊन. खोक्यावर शनीचं कडं छापलेलं. आत जाडजूड नळी, तीन पाय, बऱ्याच भिंगांच्या डब्या, आणि एका डबीत काळीभोर काच. दुकानदारानं त्याला सांगितलं होतं की ही काच डोळ्याजवळच्या भिंगाला बसवायची आणि खुशाल सूर्य बघायचा. तृप्ती कॉलेजातून सुट्टीला आलेली होती. तिनं आणि भागवतनं मिळून दुर्बीण जोडली. वंदना नुसती नळीवरून हात फिरवत होती. नवऱ्यानं आपलं ऐकलं, याचाच तिला इतका आनंद झाला की दुर्बिणीकडं तिचं धड लक्षही नव्हतं.

"सकाळी आधी मी बघतो," भागवत म्हणाला. "मला काही झालं न्हाई तर तू."

ते ऐकून वंदना उठलीच. तिनं लगेच सुरुचीताईंना फोन लावला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कुणीही बघू नका. दुर्बीण आहे तशी घेऊन जालन्याला या. माझे बाबा बघतील."

सुरुचीताईंचे वडील मार्तंडराव. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, उंच, कानाला यंत्र लावणारे. अंगणात त्यांनी दुर्बीण उन्हात मांडली. नळीचं तोंड सूर्याकडे केलं, काळी काच भिंगाला बसवली, मागं थोड्या अंतरावर पाटाला टेकवून कागद उभा केला आणि सगळ्यांना लांब, सावलीत बसवलं.

"आता काय करायचं, सर?" भागवतनं विचारलं.

"काही नाही. चहा प्यायचा."

चहा अर्धा झाला नसेल, तेवढ्यात 'टक्' असा आवाज आला. शेंगदाणा फुटावा तेवढाच. कागदावर मघापर्यंत काही नव्हतं, तिथं आता पांढरी धारदार तिरीप पडली होती. मार्तंडरावांनी झटकन नळीचं तोंड झाकलं आणि काळी काच काढून आणली. तिला मधोमध तडा गेला होता.

"इथं एखाद्याचा डोळा असता," एवढंच ते म्हणाले.

भागवतनं हातातली बशी खाली ठेवली. "मी आणली व्हती," तो म्हणाला. "मी आपल्या हातानं..." आणि एवढा धिप्पाड माणूस परक्याच्या अंगणात तोंडावर रुमाल धरून बसला. वंदना त्याच्या शेजारी सरकली. मार्तंडरावही खाली सतरंजीवर येऊन बसले. "अहो, तुम्ही फसलात, आणि फसणारे तुम्ही पहिले नाहीत. मीसुद्धा तरुणपणी असलीच काच घेऊन बसलो होतो. माझ्या सरांनी हिसकावून घेतली. चूक त्या काचेची. नळीतला सगळा उजेड जिथं एका ठिकाणी गोळा होतो, तिथंच बिचारीला बसवतात. तापणार नाही तर काय?"

"मंग बराबर काय असतं?" वंदनानं विचारलं.

मार्तंडरावांना हाच प्रश्न हवा होता. ते म्हणाले, गाळणी डोळ्याकडे नको, पुढं नळीच्या तोंडावर हवी. म्हणजे ऊन आत शिरायच्या आधीच अडतं आणि आत तापायला काही उरत नाही. आणि ती खास सूर्यासाठी बनवलेलीच हवी. एक्स-रेचा कागद चालत नाही, वेल्डिंगची कुठलीही काच चालत नाही.

"आणि नळी? मोठी घेतली तर जास्ती दिसंल?"

"रात्रीच्या ताऱ्यांना मोठी लागते, त्यांचा उजेड कमी. सूर्याला उजेडाचा काय तोटा? उलट दिवसा तापलेली हवा थरथरते, मोठ्या नळीत ती थरथरही मोठी दिसते. पहिली दुर्बीण म्हणाल तर लहान घ्या, पुढं भिंग असलेली. पण पाय मजबूत बघा. हलणाऱ्या पायांवर जगातली सगळ्यात भारी नळीसुद्धा फुकट."

सूर्याच्या कडेच्या ज्वाळा दाखवणारी वेगळी दुर्बीणही असते, असं तृप्तीनं मोबाइलवर वाचलं होतं. मार्तंडरावांनी मान डोलावली. ती फार महाग, शिवाय तिच्यातून सूर्याशिवाय काही बघता येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे दुर्बिणीतून सूर्य कागदावर पाडायचा. त्यात भिंगाला डोळा लावायचाच नाही, दहा माणसं एकदम बघू शकतात.

"वंदनाताई, मी तुमच्या जागी असतो तर कागदावरच बघितला असता," ते म्हणाले.

वंदनानं मनात हिशेब केला. एक चांगला डोळा, घर, दुकान, शिलाई. सगळं त्या एकाच डोळ्यावर चाललं होतं. शेवटी ती म्हणाली, "कागदावरचं चित्र मला पुस्तकातबी दिसंल, सर. मला डोळा लावून बघायचाय. भ्याले तर कागदावर बघीन."

अशी ती लहान नळीची दुर्बीण ठरली. भागवतला घाई करायची नव्हती. दुर्बीण आल्यावर पायाचा प्रत्येक स्क्रू त्यानं आपल्या हातानं आवळला. पुढच्या गाळणीचं झाकण वाऱ्यानं उडू नये म्हणून वंदनानं पडद्याच्या जाड कापडाचे दोन पट्टे शिवले आणि नळीच्या खालून आवळून बांधले. नळीच्या पाठीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण मार्तंडरावांच्या सांगण्यावरून काढून कपाटात ठेवली. चुकून कुणी तिला डोळा लावायला नको. त्यांनी नेम धरायची युक्ती शिकवली होती: नळीची सावली जमिनीवर बघायची, ती सगळ्यात आखूड झाली की नळी सूर्याच्या रोखानं आहे. आणि दर वेळी आधी गाळणी बल्बसमोर धरायची. सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसलं तरी फेकून द्यायची.

थंडीतली सकाळ होती. उसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि मळीचा वास गच्चीपर्यंत येत होता. भागवतनं गाळणी बल्बसमोर धरून बघितली. मग वंदनानं बघितली. मग तृप्तीनं. सावली आखूड झाली. वंदना भिंगाशी गेली आणि परत मागं आली. दुसऱ्यांदा गेली, डोळा मिटला, मागं आली.

"कागद आणू का, मम्मी?" तृप्तीनं विचारलं.

"थांब."

ती तिसऱ्यांदा गेली आणि तिनं आधी उजवा डोळा लावला. मधला भाग नव्हताच. पण भोवतीनं फिकट केशरी काठ दिसला, वाटोळा, शांत. ती थोडी थांबली. डोळ्याला काही झालं नाही. मग तिनं मोठा श्वास घेतला आणि डावा लावला.

पूर्ण सूर्य होता. पिकलेल्या संत्र्याच्या रंगाचा, हातात धरावा एवढा. त्याच्यावर काळे ठिपके होते. दोन जवळजवळ, एक लांब, आणि काठाशी बारीक तिळांसारखा घोळका. वंदना हलेना. भागवतनं दोनदा विचारलं, "काय दिसतंय?" तिला ऐकूच गेलं नाही. मग ती म्हणाली, "गरीब दिसतो हो. एवढा गरीब असंल असं वाटलं न्हवतं."

संक्रांतीला चतुराबाई लेकीकडं आली. दुर्बीण कशासाठी आहे हे कळल्यावर ती गच्चीच्या जिन्यात बसून राहिली, वर येईना. वंदना तिच्या शेजारी बसली आणि डॉक्टरांनी सांगितलेलं तिनं सगळं सांगितलं. ग्रहण नसतं तरी हेच झालं असतं. देवानंदच्या वाट्याचं तिच्यावर आलं, असं काही नव्हतं. पोटातल्या लेकराचा याच्याशी काही संबंध नव्हता.

म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "माजा डोळा लागला व्हता गं," ती म्हणाली. "तू बाहीर गेलीस तवा. सगळ्यायनी जागं राह्यचं असतं. मी निजले. मला वाटायचं, मी निजले म्हनून देवानं माज्या पोराला सोडलं आन तुला धरलं. देवानंदला घास भरवताना बी मनात यायचं. कुणाला सांगू?"

वंदना आईला खेटून बसली. त्या ग्रहणाचं ओझं आपण एकटीनंच वाहिलं, असंच ती आजवर समजत होती.

"माय, तू पोटुशी, थकलेली. निजणारच की," ती म्हणाली. "आन मी काय ऐकणारी व्हते का? तू जागी असतीस तरी गेले असते."

चतुराबाई हसली, मग रडली, मग नाक पुसून म्हणाली, "गेली असतीस. लई द्वाड व्हतीस."

वंदनानं तिचा हात धरून तिला वर नेलं. भागवतनं खुर्ची मांडली, नळी खाली केली. गाळणी तपासून झाली होती, तरी सासूबाईंसाठी त्यानं ती पुन्हा एकदा बल्बसमोर धरली. म्हातारीनं आधी सूर्याला हात जोडले, मग भिंगाला डोळा लावला.

"हे काय चिटकलंय त्याला?"

"डाग हायेत, माय. लई मोठे. आपली पृथ्वी त्यात बसंल."

"आन हे रोज असेच?"

"न्हाई. सरकतात. उद्या थोडे पुढं गेलेले दिसतील."

चतुराबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं शहागडला जाणार होती. तिनं पिशवी भरूनही ठेवली होती. सकाळी भागवत तिला स्टँडवर सोडायला निघाला, तर ती गच्चीच्या जिन्याच्या तोंडाशी उभी होती.

"दुपारच्या गाडीनं जाते," ती म्हणाली. "वर ऊन आलं का बघा."