उत्तरेकडे

जनरलकाकांना कुणीही विचारलं, तुमची पोस्टिंग कुठे कुठे होती, की ते एकच उत्तर देत: "उत्तरेकडे." इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या आमच्या मराठी मंडळात याची थट्टा चाले. कुणी ग्लासगोला मुलाकडे निघालं तरी म्हणे, "चाललो बाबा उत्तरेकडे." एकदा एकानं त्यांना पकडायचं ठरवलं. म्हणाला, काका, तुम्ही श्रीलंकेतही होतात असं ऐकलं, ती तर दक्षिणेला. काकांनी शांतपणे चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "तिथेही आम्ही उत्तरेकडेच होतो."

ते भारतीय सैन्यातले निवृत्त मेजर जनरल. कॅप्टन असताना स्वतःहून कमांडो तुकडीत गेले, पुढे त्याच तुकडीचे प्रमुख झाले आणि शेवटी दिल्लीत बसून मोहिमा आखू लागले. काकू गेल्यावर मुलगी वैदेही त्यांना इकडे घेऊन आली. तिचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. आयुष्यभर अंधारातून माणसं नेणारा हा गृहस्थ आमच्या रस्त्यावर दर आठवड्याला सगळ्यांचे कचऱ्याचे बिन बाहेर काढून ठेवी, अगदी एका रेषेत. समोरची मार्गारेट त्यांना थट्टेनं 'द जनरल' म्हणायची. ते खरोखरीच जनरल होते हे तिला फार उशिरा कळलं.

मंडळानं एकदा त्यांना मुलांसमोर बोलायला उभं केलं. मुलांना गोळीबार हवा होता. काकांनी ओले मोजे कसे वाळवायचे ते सांगितलं: पिळायचे, शर्टाच्या आत पोटाला लावायचे आणि झोपायचं. पाय बिघडला की माणूस ओझं होतो, आणि त्याला वाहून नेणारे मित्र मरतात, एवढंच म्हणाले. सेक्रेटरीबाईंचा चेहरा पडला. मुलं चुळबुळत होती. माझी मुलगी ईशा मात्र मान वळवत नव्हती. ती तेव्हा शाळेत होती, आणि तिच्या मनात काय रुजतंय हे मला कळलं नाही.

युनिव्हर्सिटीच्या शेवटच्या वर्षी तिनं जेवताना सांगितलं, "बाबा, मी आर्मीत जाणार. मी ठरवला आहे." ठरवला नाही, ठरवलं, असं मी तिला सुधारत बसलो. ती इथे जन्मलेली, इथलं सैन्य तिचं सैन्य. मला ते डोक्यानं पटत होतं. पण मी स्वतः नागपूरला वडिलांना वर्षानुवर्षं फोनची वाट पाहायला लावली होती. ते गेले तेव्हा मी इथे ऑफिसात एका मीटिंगमध्ये होतो. आता वडिलांच्या जागी बसून वाट पाहायची पाळी माझी, या विचारानं माझी झोप उडाली.

मी कुंपणापाशी काकांना गाठलं आणि म्हणालो, तुमचं ती ऐकेल, तिला नको म्हणा. जे काम बापाचं, ते मी शेजाऱ्यावर ढकलत होतो. हातातली कात्री खाली ठेवून ते म्हणाले, "मिलिंद, मी खूप माणसं पाठवली. थांबवायचा सराव नाही मला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तिनं विचारलं तर खरं सांगेन. तू पण ये."

त्या शनिवारी आम्ही तिघं थेम्सच्या काठानं चाललो. काका पुढे, त्यांची चाल अजूनही अशी की मला धाप लागत होती. बाकावर बसल्यावर ईशानं विचारलं, सगळ्यांत कठीण काय असतं? मला वाटलं, आता ते रक्त-मृत्यूचं सांगतील आणि माझं काम होईल.

काका म्हणाले, "जेवणं." आम्हाला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या हाताखालचा जवान गेला की ते रजा काढून त्याच्या घरी जात. सरकारी माणसं येऊन गेल्यानंतर, एकटे, साध्या कपड्यात. त्या घरात जे वाढतील त्याला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. साताऱ्याकडच्या एका घरी जवानाच्या आईनं त्यांना भाकरी आणि घेवड्याची आमटी वाढली. ती रडली नाही, तिनं काही मागितलं नाही. फक्त विचारलं, माझा पोरगा कुठं होता? मोहीम गुप्त होती. जागेचं नाव काढायची मनाई होती.

"मी तिला म्हणालो, उत्तरेकडे," काका म्हणाले. "ती म्हणाली, बरं. आणि मला आणखी भाकरी वाढली."

पाण्यावरून एक होडी गेली, तिच्यावरच्या लोकांनी हात हलवला, काकांनीही हलवला. मग ते ईशाला म्हणाले, "तू धावशील, चढशील, सगळं करशील. पण कधीतरी तुलाही असं उत्तर द्यावं लागेल. कदाचित याला." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मला मनातून हायसं वाटलं. हे ऐकून कोण जाईल? पण ईशा माझ्याकडे बघतच नव्हती. ती म्हणाली, "आजोबा, ती आई अजून आहे का?"

"असेल. माझ्याच वयाची होती."

"मग तू आता जाऊन सांग ना तिला."

"जागेचं नाव आजही सांगता येत नाही, बाळ."

"नाव नको. बाकीचा सांग ना. तू होतास ना तिथे?"

एवढ्या वर्षांत काकांना कुणी उलट प्रश्न केला नसावा.

काही आठवड्यांनी ते भारतात जायला निघाले. डॉक्टरांचा विरोध होता, वैदेहीचा तर होताच. हीथ्रोला मी सोडलं. गाडीत मी मनातली जळजळ बोलून दाखवली, की मी तुम्हाला तिला अडवायला सांगितलं होतं आणि तिनं तुम्हालाच कामाला लावलं. ते हसले. "हो ना. चांगली अधिकारी होईल," म्हणाले. मी उरलेला रस्ता बोललो नाही. ते मला आज फार लागतं, कारण तीच आमची शेवटची भेट.

साताऱ्याहून त्यांचा फोन आला. म्हातारी अजून हयात होती, डोळ्यांनी दिसत नव्हतं. काकांनी नाव सोडून सगळं सांगितलं: ओढा होता, अक्रोडाची झाडं होती, पहाट होती, मी त्याच्या शेजारी होतो. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, थंडी होती का? होती, म्हणाले. तिनं विचारलं, अंगात स्वेटर होता का त्याच्या?

काका फोनवर म्हणाले, "होता. खरंच होता रे, मिलिंद. हे एवढं मला तेव्हाही सांगता आलं असतं."

ते परतले नाहीत. नाशिकला भावाकडे राहिले आणि हिवाळ्यात छातीच्या आजारानं गेले. वैदेहीनं कुंपणापलीकडून सांगितलं आणि तिथेच उभी राहून म्हणाली, "लहानपणी मी आईला विचारायचे, बाबा कुठेत? ती म्हणायची, उत्तरेकडे. मग मी विचारणंच सोडलं. त्यांना वाटलं असेल, हिला काही पडलेलं नाही."

त्या संध्याकाळी ईशा स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. सैन्याच्या अकादमीचं बोलावणं येऊन बरेच दिवस झाले होते आणि आम्ही दोघंही तो विषय टाळत होतो. या वेळी तिनं सांगितलं नाही, विचारलं. "बाबा, मी जाऊ?"

मी गॅस बंद केला. म्हणालो, "जा. पण मी विचारत राहीन."

"काय?"

"कुठे आहेस, जेवलीस का, थंडी आहे का. तुला सांगता येणार नाही, तरी विचारीन."

ती माझ्या खांद्यावर डोकं टेकवून म्हणाली, "विचार."