खेकड्याचं रक्त आणि बाबांचा अंगठा

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते. खरं म्हणजे भिंगरी डोक्यात आहे. त्या वर्षी जूनमध्ये तर ती थांबायचं नावच घेईना.

मी कोकणातल्या एका प्रयोगशाळेत समुद्री खेकड्यांचं रक्त काढत होते. पायाच्या सांध्यात बारीक सुई घातली की फिकट निळसर रक्त येतं. त्यातल्या पेशींमध्ये पेप्टाइडं असतात, म्हणजे प्रथिनांचे इवलेसे तुकडे. जंतू आला की ती त्याच्या आवरणाला भोकं पाडतात. खेकडा जन्मभर गढूळ पाण्यात राहूनही तग धरतो, त्यात यांचा मोठा वाटा. औषधांना न जुमानणारे जंतू यांनी मरतील का, ते पाहायचं माझं काम होतं.

आणि तसलाच जंतू बाबांच्या पायात निघाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

बाबांना साखरेचा आजार, तळपायाला काही कळत नाही. अनवाणी चालू नका, असं चिखलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं आणि एरवी ते ऐकायचेही. पण पेरणीच्या दिवशी तिफणीमागे, म्हणजे पेरायच्या अवजारामागे, पायताण घालून चालायचं नाही, ही आमच्या घरची रीत. तिफणीला हळदकुंकू लावल्यावर बाबांनी चपला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, काढल्या. जुन्या पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या झाडाचा, खुंट अंगठ्यात घुसला आणि ते दिवसभर तसेच चालत राहिले. रक्त दिसलं ते संध्याकाळी, आईला.

जखम चिघळल्याचा फोन आला तशी मी निघाले. मलकापूरपर्यंत गाडीत जागा असूनही दारापाशी उभी होते. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बहुतेक औषधं चालत नाहीत, एक उरलंय. त्यानेही नाही जमलं तर अंगठा काढावा लागेल, आणि उशीर केला तर पाय.

"तुह्या खेकड्याचं औषध काऊन नाही लावत वं?" बाबांनी विचारलं.

"ते अजून औषध झालं नाही, बाबा."

"जंतू मरते म्हनत होती ना तू?"

"मरते. पन त्यानं मानसाच्या रक्ताच्या पेशीबी फुटून राह्यल्या."

बाबा म्हणाले, "मंग शिकव ना त्याले, जंतू कोन अन् मानूस कोन."

एवढंच तर प्रयोगशाळेत आम्ही सगळे शिकवायला बसलो होतो. मला भयंकर राग आला. बाबांचा, तिफणीचा, आणि सगळ्यात जास्त प्रयोगशाळेच्या फ्रीजरमधल्या पेप्टाइडच्या बाटलीचा. एक थेंब आणून गुपचूप लावावा असं शंभरदा मनात आलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी इतक्या येरझारा घातल्या की शेवटी नर्सबाई म्हणाल्या, "ताई, बसा ना एका जागी."

थेंब आणला नाही. उरलेलं औषधही चाललं नाही. अंगठा गेला, पाय वाचला.

दिवाळीत मी बाबांसाठी जाड तळाचे बूट घेऊन गेले. ते घालून बाबा गावभर मिरवले. "पोरीनं आनले" हे ज्याला त्याला सांगून झालं. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

हरभऱ्याच्या पेरणीला काकांनी तिफण जुंपली. बाबा धुऱ्यापर्यंत आले आणि थांबले.

"चला ना, बाबा."

"पायात बूट हाये."

"मंग काय झालं?"

"तू म्हनलं काढाचे नाही, म्या काढले नाही. पन बूट घालून पेरनीत नाही येत मी."

मी खूप समजावलं, चिडले, शेवटी रडले. बाबा हसले. "जाय, बी सोड. काका वाट पाहून राह्यला."

मी चपला काढल्या आणि तिफणीमागे चालू लागले. तास, म्हणजे पेरणीची ओळ, वाकडं चाललं की धुऱ्यावरून बाबांचा आवाज यायचा. परतीच्या तासाला तोंड त्यांच्याकडे झालं तेव्हा पाहिलं. बुटांची टोकं बरोबर वावराच्या कडेला टेकली होती, तसूभरही पुढे नाही.