पाय जमिनीला नव्हते

पोलिसातल्या नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता पुसट झाली. शिरूर कासार भागातलं हे एक मात्र मनातून जात नाही.

रुग्णालयातून डोळ्यांच्या डॉक्टर बाईंचा फोन आला. एका विधवेच्या डाव्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं. गोठ्यात घसरून पडले, असं ती सांगत होती.

"पडलेल्या माणसाचे हात, गुडघे खरचटतात. हिला दुसरीकडे ओरखडाही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बुक्की बसली की डोळा आत दाबला जातो आणि खालचं पातळ हाड फुटतं. माझ्याकडे अशा बायका नेहमी येतात. सगळ्या पडलेल्याच असतात."

मी जबाब घ्यायला गेलो. सोबत आलेल्या दिराच्या उजव्या मुठीवर सूज होती. त्याला बाहेर बसवलं. मग ती बोलली.

"सायब, माझी पोरगी शाळंत हाय. दिरानं तिचं लगीन ठरवलं, ऊसतोडीला जायच्या आधी उरकायचं म्हनून. मी न्हाई म्हनले, तर मारलं."

"मग तक्रार द्या."

"कशी देऊ? मालकबी आलते."

मालक म्हणजे तिचा नवरा. तो गेल्या वर्षी वारला होता. दीर त्याचा जुळा भाऊ.

"मी खाली पडले, वर बगितलं. दीर उभा, अन् त्याच्या डोक्यावर मालक. तेच तोंड. पाय जमिनीला न्हवते. त्यांचीबी तीच मर्जी हाय. होऊ द्या लगीन."

 मी विचारलं, "अंगात काय होतं त्यांच्या?"

"दिराच्या अंगात होता तसलाच सदरा."

तिथं मी थांबलो आणि डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी एक बोट वर धरलं. "किती?"

"दोन. एकावर एक."

डॉक्टरांनी तिचा डावा डोळा झाकला. "आता?"

"एक."

मोडलेल्या हाडात डोळ्याचा स्नायू अडकला, की वर पाहताना एकाचे दोन दिसतात, असं डॉक्टरांनी समजावलं. ती डोळा झाकत, उघडत त्या बोटाकडे पाहत राहिली.

"म्हंजी मालक आलेच न्हवते?"

"नाही, ताई."

ती खूप रडली. मग म्हणाली, "लिवा, सायब."

ठाण्यात दीर आधी गोठ्याचंच सांगत होता. मी विचारलं, "तुझा भाऊ होता का रे सोबत?" त्यानं चटकन मागं वळून पाहिलं. त्यानंतर त्यानं सगळं सांगितलं. लग्न थांबलं.

साक्षीदाराचं अशक्य वाटणारं बोलणं खोटं म्हणून खोडायचं नसतं, हे मी त्या खाटेजवळ शिकलो. तिला दिसलं तेच तिनं सांगितलं होतं.

शस्त्रक्रियेनंतर ती मुलीला घेऊन ठाण्यात आली. "आता एकच दिसतंय," म्हणाली. जाताना दारात थांबली.

"सायब, ते खरंच आले असते, तर त्यांनी भावाचा हात धरला असता."